फॅरडेचे तीन प्रश्न

हिवाळ्यात पहाटे शेतावर निघालेला शेतकरी कुदळ उचलतो, तेव्हा तिचे लोखंडी पाते हाताला थंडगार लागते. त्याच कुदळीचा लाकडी दांडा मात्र तितका थंड लागत नाही. रात्रभर दोन्ही एकाच कोपऱ्यात होती, एकाच हवेत होती. मग एक अधिक थंड व दुसरे कमी थंड, असे का व्हावे? हा अनुभव सर्वांचा आहे. पण हा प्रश्न थोड्यांनाच पडतो. ज्यांना पडतो, त्यांतीलही बहुतेकांचे कोणी काहीतरी उत्तर दिले की समाधान होते. मिळालेले उत्तर स्वतःच्या हाताने पडताळून पाहीपर्यंत ज्याला चैन पडत नाही, असा विद्यार्थी विरळाच. असा एक विद्यार्थी सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडन शहरात पुस्तके बांधण्याच्या एका दुकानात काम करीत होता. त्याचे नाव मायकेल फॅरडे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील लोहार होते; परंतु प्रकृती साथ देत नसल्यामुळे त्यांच्या हातून नियमित काम होत नसे. घरात दारिद्र्य होते. इ. स. १८०१ मध्ये धान्य फार महागले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. शाळेत तो लिहिण्या-वाचण्यापुरते व थोड्या अंकगणितापुरते शिकला. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप पोहोचविण्याच्या व वर्तमानपत्रे वाटण्याच्या कामास लागला. आणि पुढील वर्षी, १८०५ मध्ये, त्याच दुकानात सात वर्षांच्या कराराने पुस्तकबांधणीची उमेदवारी करू लागला.

बांधणीसाठी आलेल्या पुस्तकांची पाने जुळवायची, ती शिवायची, त्यांना पुठ्ठा व कातडे चढवायचे, असे ते काम होते. पुस्तकाच्या आत काय लिहिले आहे, याच्याशी बांधणाऱ्याला कर्तव्य नसते. मायकेलला मात्र ते होते. दिवसाचे काम संपले की तो बांधायला आलेली पुस्तके वाचीत बसे. एकदा त्याच्या हाती एका मोठ्या ज्ञानकोशाचा खंड आला. त्यात विजेवरील लेख होता. पुढे जेन मार्सेट या विदुषीचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक त्याने वाचले. पुस्तकात जे जे सांगितले होते, त्यांतील आपल्या ऐपतीत बसेल ते ते तो करून पाहू लागला. इ. स. १८१२ मध्ये त्याने जस्ताच्या पत्र्यातून नाण्याएवढ्या सात चकत्या कापल्या, त्यांवर तांब्याची सात नाणी ठेविली आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागद घालून त्यांची चळत रचली. ती चळत म्हणजे एक लहानसा विद्युत्घट होता. विजेविषयी जे वाचले ते खरे आहे, याची साक्ष त्याला आता पुस्तकाने नव्हे, तर जस्त आणि तांब्याने दिली.

त्याच वर्षी दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने या मुलाची आवड पाहून त्याला 'रॉयल इन्स्टिट्यूशन' या संस्थेतील चार व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्याते होते सर हंफ्री डेव्ही, त्या काळचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ. मायकेल सज्ज्यात बसून एकेक शब्द टिपून घेत होता. घरी येऊन त्याने ती टिपणे सुवाच्य अक्षरात लिहून काढली, त्यांत उपकरणांच्या आकृत्या घातल्या आणि आपल्याच हाताने त्यांचा बांधीव ग्रंथ केला.

आता त्याच्यापुढे अवघड प्रसंग होता. सात वर्षांची उमेदवारी संपली होती. पुस्तके बांधून तो सुखाने पोट भरू शकला असता. पण विज्ञानाचे दार त्या वाटेवर कोठेच नव्हते. डिसेंबर १८१२ मध्ये धीर करून त्याने आपल्याला विज्ञानाच्या कामात घ्यावे अशी विनंती करणारे पत्र डेव्ही यांना लिहिले आणि सोबत तो ग्रंथ पाठविला. डेव्ही यांनी त्याला भेटीस बोलाविले. परंतु विज्ञानाच्या सेवेत कष्ट फार आणि प्राप्ती थोडी, तेव्हा हातचा धंदा सोडू नये, असा व्यवहारी सल्लाही दिला. काही आठवड्यांतच प्रयोगशाळेतील मदतनिसाची जागा रिकामी झाली. १ मार्च १८१३ रोजी ती मायकेलला मिळाली. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, आणि राहावयास संस्थेच्या माडीवरील दोन खोल्या. काम उपकरणे धुण्या-पुसण्याचे व मांडून देण्याचे. एकविसाव्या वर्षी फॅरडेची खरी शाळा सुरू झाली. या शाळेत त्याने सृष्टीला अनेक प्रश्न विचारले. त्यांतील तीन प्रश्न येथे पाहू.

पहिला प्रश्न उष्णतेचा होता, आणि त्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू साठत असे. खाणकामगाराच्या दिव्याची उघडी ज्योत त्या वायूला लागली की भयंकर स्फोट होई. २५ मे १८१२ रोजी फेलिंग येथील खाणीत झालेल्या अशा एका स्फोटात ९२ माणसे व मुले मृत्यू पावली. दिव्यावाचून खाणीत काम होत नाही, आणि दिवा तर प्राण घेतो. यावर उपाय काय? इ. स. १८१५ मध्ये डेव्ही यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि प्रयोगांत फॅरडे त्यांच्या मदतीस उभा राहिला.

त्यांना असे आढळले की अरुंद धातूच्या नळीतून ज्योत पलीकडे जात नाही. आणि बारीक तारेच्या जाळीतून तर मुळीच जात नाही. जाळीची छिद्रे उघडी असतात, त्यांतून वायू सहज ये-जा करतो. मग ज्योतच का अडते? याचे उत्तर आणि कुदळीच्या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. लोखंड, तांबे इत्यादी धातू उष्णतेचे चांगले वाहक आहेत; लाकूड मंद वाहक आहे. पहाटेच्या वेळी पाते व दांडा सारखेच थंड असतात. आपला हात मात्र त्यांहून उबदार असतो. लोखंड हाताची उष्णता झपाट्याने ओढून दूर नेते, लाकूड ती तेथेच राहू देते. म्हणून लोखंड अधिक थंड भासते. हाताला कळते ते वस्तू किती थंड आहे हे नव्हे, तर आपली उष्णता किती वेगाने जात आहे हे होय. जाळीच्या तारा ज्योतीची उष्णता अशीच ओढून चोहीकडे पसरवितात. त्यामुळे जाळीपलीकडील वायू पेट घेण्याइतका तापतच नाही.

या तत्त्वावर डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेच्या जाळीचे आवरण घातलेला दिवा तयार केला. त्या जाळीच्या एका चौरस इंचात ७८४ छिद्रे असत. हा दिवा पूर्णतः निर्धोक नव्हता. जाळी फाटली, अथवा वाऱ्याच्या जोराच्या झोताने ज्योत बाहेर ओढली गेली, तर धोका होताच. तरीही उघड्या ज्योतीपेक्षा तो कितीतरी बरा होता. डेव्ही यांनी त्याचे एकस्व घेतले नाही, आणि आपल्या ग्रंथात फॅरडेच्या साहाय्याचा आवर्जून उल्लेख केला. घरातील वडीलधाऱ्या माणसास जवळ बसवून मेणबत्तीच्या ज्योतीवर तारेची बारीक चाळणी क्षणभर आडवी धरली, तर ज्योत जाळीखालीच थबकलेली कोणासही पाहता येईल.

दुसरा प्रश्न पदार्थाचा होता. आणि तो भारतातून लंडनला गेला होता. दक्षिण भारतातील लोहार फार प्राचीन काळापासून एक उत्तम प्रकारचे पोलाद करीत असत. लोखंडाचे तुकडे, लाकडाचे ढलपे व झाडाची पाने मातीच्या मुशीत घालून मुशीचे तोंड लिंपून टाकावयाचे आणि ती भट्टीत प्रखर तापवावयाची, अशी ती रीत होती. युरोपीय लोक या पोलादाला 'वूट्झ' म्हणत. कानडीतील 'उक्कु' या शब्दावरून ते नाव पडले असावे, असे मानतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत असलेले डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला पाठविले, आणि १७९५ मध्ये तेथील विद्वानांपुढे त्यांवरील निबंध वाचला गेला. शस्त्रवैद्यांची हत्यारे बनविणारा जेम्स स्टोडार्ट नावाचा कुशल कारागीर या पोलादाच्या पात्याची धार पाहून थक्क झाला होता.

या पोलादात असे काय आहे की त्याची धार इतकी टिकते? लोहाराच्या मुलाने हा प्रश्न स्टोडार्टच्या सोबतीने हाती घेतला. इ. स. १८१९ मध्ये फॅरडेने या भारतीय पोलादाचे पृथक्करण करून निबंध प्रसिद्ध केला. त्यात ॲल्युमिनियमचा अल्प अंश असून त्यामुळेच पोलादाला हा गुण येतो, असे त्याचे मत झाले. हे मत चुकीचे होते. पुढील संशोधनाने असे सिद्ध झाले की त्या पोलादाचे मुख्य रहस्य कार्बनमध्ये आहे. मुशीत घातलेल्या लाकडातील व पानांतील कार्बन तापलेल्या लोखंडात शिरतो. त्याचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास असते, आणि तेवढ्यानेच मऊ लोखंडाचे कठीण पोलाद होते. निरक्षर लोहारांना कार्बनचे नाव ठाऊक नव्हते. पण किती पाने घालावी आणि किती वेळ तापवावे, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते.

फॅरडेची चूक झाली, म्हणून त्याचे श्रम वाया गेले असे मात्र नाही. त्या पोलादासारखे पोलाद करून पाहण्याच्या नादात त्याने व स्टोडार्टने लोखंडात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे नाना धातू मिसळून पाहिले. मिश्रधातूंच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाची ही आरंभीची पावले होत. त्याने जपून ठेविलेले ७९ नमुने शंभराहून अधिक वर्षांनी, १९३१ मध्ये, पुन्हा तपासले गेले. जो आपले प्रयोग नीट नोंदवून ठेवितो, त्याची चूकदेखील पुढच्यांच्या उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. इ. स. १८२० मध्ये कोपनहेगन येथील प्राध्यापक ओर्स्टेड यांना असे दिसले की तारेतून विजेचा प्रवाह वाहू लागला की जवळ ठेविलेली चुंबकसूची वळते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व निर्माण होते. या वार्तेने सर्व युरोपातील शास्त्रज्ञ जागे झाले. फॅरडेने १८२१ मध्ये पाऱ्याच्या पात्रात चुंबक उभा करून त्याभोवती विजेची तार गरगर फिरविली. विजेने सतत फिरणारी ही पहिलीच रचना. आजच्या पंख्याच्या मोटारीची ती मूळ पणजीच म्हणावी. परंतु फॅरडेच्या मनात उलटा प्रश्न घोळू लागला. विजेपासून चुंबकत्व होते, तर चुंबकत्वापासून वीज का होऊ नये? चुंबकत्वाचे विजेत रूपांतर करावे, असे त्याने १८२२ च्या सुमारास आपल्या वहीत टिपून ठेविले.

टिपून ठेवणे सोपे होते. उत्तर मिळणे नव्हे. १८२४ मध्ये त्याने प्रयोग केला, १८२५ मध्ये केला, १८२८ मध्ये पुन्हा केला. एका तारेतून जोराचा प्रवाह सोडावा आणि शेजारच्या दुसऱ्या तारेत वीज येते का ते पाहावे. वेटोळ्याजवळ चुंबक ठेवावा आणि सूचीकडे डोळे लावून बसावे. सूची ढिम्म हलत नसे. प्रत्येक वेळी वहीत नकाराचीच नोंद होई. अशी नऊ वर्षे गेली.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने नवी रचना केली. सहा इंच व्यासाचे मऊ लोखंडाचे कडे करवून त्याच्या एका अर्ध्या भागावर तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळली व दुसऱ्या अर्ध्या भागावर निराळी वेटोळी गुंडाळली. वीज एका फेऱ्यातून दुसऱ्या फेऱ्यात उडी मारू नये म्हणून तारांच्या मधून सुतळी व मांजरपाटाच्या पट्ट्या घातल्या. पुस्तके शिवणारे हात येथेही कामी आले. दुसऱ्या वेटोळ्याची टोके जोडून ती तार त्याने चुंबकसूचीवरून नेली आणि पहिले वेटोळे विद्युत्घटास जोडले. सूची हलली! पण लगेच पूर्ववत् स्थिर झाली. प्रवाह वाहतच होता, सूची मात्र स्वस्थ होती. फॅरडेने जोड तोडला. त्या क्षणी सूची पुन्हा हलली, आणि या वेळी उलट दिशेने.

दुसरा कोणी असता तर त्या क्षणभराच्या थरथरीकडे त्याने दुर्लक्ष केले असते. फॅरडेने त्याच थरथरीत आपले उत्तर ओळखले. प्रवाह चालू असताना काही होत नाही. तो सुरू होताना व बंद होतानाच होते. म्हणजे चुंबकत्व नुसते असून भागत नाही. ते वाढत किंवा कमी होत असले पाहिजे. इतकी वर्षे तो स्थिर चुंबकाकडून स्थिर प्रवाहाची अपेक्षा करीत होता. म्हणून सृष्टी त्याला नकार देत होती. १७ ऑक्टोबर रोजी त्याने कागदाच्या पोकळ नळीवर गुंडाळलेल्या वेटोळ्यात एक चुंबक झटकन आत सारला. सूची एका बाजूस वळली. चुंबक बाहेर ओढला. ती दुसऱ्या बाजूस वळली. चुंबक आत तसाच राहू दिला की ती स्तब्ध. मग २८ ऑक्टोबर रोजी मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून त्याने सतत वाहणारा प्रवाह मिळविला. जगातील पहिले विद्युत्जनित्र ते हेच.

घरातील दिवा लावताना या तबकडीची आठवण क्वचितच कोणाला होते. सायकलच्या डायनॅमोमध्ये चाकाबरोबर चुंबक फिरतो आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पाणी खाली आणून खोपोली येथे १९१५ मध्ये मुंबईसाठी वीज निर्माण होऊ लागली, तीही याच तत्त्वाने. पाणी असो, वाफ असो वा वारा असो, त्याने फक्त चक्र फिरवावयाचे. वीज देण्याचे काम फिरणारा चुंबक व तांब्याची तार करतात.

फॅरडेचे हे तीन प्रश्न परस्परांपासून दूर नव्हते. लोखंड लालभडक तापले की चुंबक त्याला ओढीत नाही, हे पूर्वीच ठाऊक होते. आज आपण जाणतो की सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचा हा गुण जातो. निकेलचा तर त्याहून पुष्कळ कमी उष्णतेवर जातो. यावरून फॅरडेला वाटले, तांबे, शिसे, चांदी हे धातू नेहमीच्या हवेतही अधिक तापलेलेच असतील काय? ते खूप गार केले तर लोखंडासारखे चुंबकाकडे धावतील काय? १८३६ मध्ये त्याने ते फार गार करून पाहिले. एकही धावला नाही. त्याने तीही नोंद केली. परंतु प्रश्न सोडला नाही. १८४५ मध्ये प्रबळ चुंबकाच्या टोकांमध्ये जड काचेची कांडी टांगली असता ती आडवी वळली. चुंबक तिला ओढीत नसून किंचित दूर लोटीत होता. मग त्याने लाकूड, पाव, सफरचंद अशा अनेक वस्तू तेथे टांगून पाहिल्या. त्याही तशाच वागल्या. चुंबकाचा प्रभाव केवळ लोखंडासारख्या धातूंवरच होतो ही समजूत त्या दिवसांत पुसली गेली.

फॅरडेला उच्च गणित येत नव्हते, आणि ते त्याने कधी लपविले नाही. त्याला सरदारकीचा बहुमान देऊ केला असता त्याने तो नम्रपणे नाकारला. परंतु नाताळच्या सुट्टीत मुलांना विज्ञान समजावून सांगण्याचा मान त्याने आनंदाने घेतला. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ मध्ये सुरू झालेल्या त्या व्याख्यानमाला त्याने स्वतः १९ वेळा गुंफिल्या. एका साध्या मेणबत्तीवर त्याने मुलांना सहा व्याख्याने दिली. फुकटच्या तिकिटावर व्याख्यान ऐकलेला मुलगा आता इतर मुलांचे ऋण फेडीत होता. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो निवर्तला.

तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर त्याला गुरूच्या सोबतीने मिळाले, दुसऱ्याचे चुकले, आणि तिसऱ्यासाठी नऊ वर्षे थांबावे लागले. तीनही वेळा त्याने एकच केले. प्रश्न स्वच्छ शब्दांत मांडला, तो वस्तूलाच विचारला, आणि वस्तूने जे उत्तर दिले ते, आवडो वा न आवडो, जसेच्या तसे वहीत लिहिले. असे करण्यास मोठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. कोपऱ्यातील कुदळ, स्वयंपाकघरातील चाळणी आणि सायकलचा डायनॅमो आजही उत्तर देण्यास तयार आहेत. कोणी विचारण्याचाच अवकाश आहे.

अभ्यास

१. कुदळीचे पाते व दांडा सारखेच थंड असूनही पाते अधिक थंड का लागते, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. डेव्ही यांच्या दिव्यातील जाळीतून वायू जातो, पण ज्योत जात नाही. याचे कारण लिहा.
३. भारतीय पोलादाविषयी फॅरडेचे मत चुकले, तरी त्याचे श्रम वाया गेले नाहीत, असे का म्हटले आहे?
४. नऊ वर्षे फॅरडेच्या प्रयोगांना यश का आले नाही? २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याला कोणती गोष्ट उमगली?
५. आपल्या घरातील किंवा शेतातील एखाद्या वस्तूविषयी पडलेला प्रश्न वहीत लिहा. तो त्या वस्तूलाच कसा विचारता येईल, तेही लिहा.